अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्टिरिओ का कण्हतो?

खंबाटकीच्या जुन्या घाटात मेव्हण्याने गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणली आणि स्पीकरमधून ‘कुंऽऽई’ असा आवाज वर चढला. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून निघाला की आवाज उतरायचा, पाय पडला की पुन्हा चढायचा. अभंग लावला होता. टाळ-मृदंग भरात असताना काही जाणवत नव्हतं, पण कडवं संपून क्षणभर शांतता झाली की ही शिट्टी उघडी पडायची. “दाजी, इंजिन स्टिरिओत शिरलंय,” तो वैतागून म्हणाला.

चिडून बोलला, पण अगदी अचूक बोलला. गाडी त्याने सेकंडहँड घेतलेली, डिक्कीत अँप (अँप्लिफायर, गाणं मोठं करणारा डबा) आणि वूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) नवीन बसवून घेतलेला. ज्याने बसवलं त्या दुकानदाराने शिट्टीवर उपाय म्हणून आधी सहाशे रुपयांचा फिल्टर लावला, मग ‘भारीतली’ वायर टाकली. शिट्टी जिथल्या तिथे.

ही तक्रार हल्ली फार ऐकू येते, कारण आपण गाडीत एकामागून एक वस्तू जोडत चाललो आहोत: मोठ्या स्क्रीनचा स्टिरिओ, डॅशकॅम, दोन-तीन फोनांचे चार्जर, एलईडी दिवे. सगळ्यांची वीज एका बॅटरीवरून येते आणि एकाच पत्र्यातून परत जाते. भांडण तिथे आहे. ते समजलं की निम्मं काम घरच्या अंगणात, पैसे न खर्चता होतं.

वीज सपाट नसते, पन्हळी असते

गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू केलं की बहुतेक गाड्यांत आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान जातो, कारण आता वीज पुरवायचं काम अल्टरनेटरने घेतलेलं असतं. पट्ट्यावर फिरणारं हे छोटं जनित्र. ते जी वीज बनवतं ती मुळात एसी, म्हणजे मागेपुढे हेलकावणारी. गाडीला हवी असते डीसी, एका दिशेने वाहणारी. हा बदल आतले ६ डायोड करतात. डायोड म्हणजे विजेचं एकाच बाजूला उघडणारं दार.

दारं आपलं काम चोख करतात, पण बाहेर पडणारी वीज काचेसारखी सपाट नसते. ती पन्हळी पत्र्यासारखी असते. लांबून पाहिलं तर छप्पर सपाटच दिसतं, पण पत्र्यावरून काठी ओढली की खर्रर्र आवाज येतो. काठी जोरात ओढली तर आवाज बारीक होतो. घाटातली शिट्टी ती हीच.

आता थोडा हिशेब. बऱ्याच अल्टरनेटरांत चुंबकीय ध्रुवांच्या ६ जोड्या असतात, आणि त्याच्या एका फेरीत अशा ३६ पन्हळी तयार होतात. अल्टरनेटर इंजिनच्या सुमारे अडीचपट वेगाने फिरतो असं धरू. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर अल्टरनेटर २००० घेतो, म्हणजे सेकंदाला १२०० पन्हळी. इंजिन २४०० फेऱ्यांवर गेलं की सेकंदाला ३६००. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो सेकंदाला साधारण २००० ते ५००० कंपनांच्या पट्ट्यात. म्हणजे घाट चढताना इंजिन नेमक्या त्याच सुरात गातं जो आपल्याला सगळ्यात जास्त टोचतो. आवाज बारीक असूनही डोकं उठतं ते यामुळे.

पण पन्हळी तर प्रत्येक गाडीत असते. मग ती सगळ्यांच्या स्पीकरमधून का येत नाही?

होडीत बसून उंची मोजणारा माणूस

गाडीत प्रत्येक वस्तूला पॉझिटिव्हची वायर बॅटरीपासून जाते, पण परतीची वायर सहसा बॅटरीपर्यंत नेत नाहीत. ती जवळच्या पत्र्याला जोडतात. सगळी बॉडीच परतीचा रस्ता. मेकॅनिक याला ‘अर्थ’ म्हणतात, ‘बॉडी घेतली’ असंही म्हणतात. दिव्यांची, पंख्याची, हॉर्नची, टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या पंपाची, सगळ्यांची वीज त्याच पत्र्यातून घरी परतते.

आपण मनात धरून चालतो की अर्थ म्हणजे शून्य, आणि तो सगळीकडे सारखाच शून्य. खरी गोची इथे आहे. समजा डॅशबोर्डमागचा अर्थ आणि डिक्कीतला अर्थ यांच्यामध्ये तीनेक मीटर पत्रा, चार जोड, थोडा रंग आणि थोडा गंज आहे. या वाटेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ०.००२ ओहम इतका क्षुल्लक धरला, आणि तिच्यातून १० अँपिअर वीज जात असेल, तर दोन टोकांत ०.०२ व्होल्टचा फरक पडतो. म्हणजे २० मिलिव्होल्ट. दिव्याला याचं काही देणंघेणं नाही. पण स्टिरिओकडून अँपकडे जाणारं गाणं हलक्या जागी स्वतःच काही मिलिव्होल्टांचं असतं.

मांडव्याच्या धक्क्यावर तुमचा मित्र उभा आहे आणि तुम्ही होडीत बसून मोजपट्टीने त्याची उंची मोजताय असं समजा. मित्र स्थिर आहे. पण लाटांवर होडी वर-खाली होते, त्यामुळे तुमच्या पट्टीवर मित्रच उड्या मारताना दिसतो. डिक्कीतला अँप म्हणजे होडीतला माणूस. स्टिरिओ पाठवतो ते गाणं तो स्वतःच्या अर्थपासून मोजतो. त्याचा अर्थ अल्टरनेटरच्या पन्हळीवर डुलत असेल तर ते डुलणं त्याला गाण्याचाच भाग वाटतं, आणि तो ते इमानदारीने मोठं करून स्पीकरच्या स्वाधीन करतो.

त्यात भर म्हणजे स्टिरिओ आणि अँप दोन वाटांनी जोडलेले असतात. एक वाट बॉडीतून, दुसरी आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून. आरसीए म्हणजे लाल-पांढऱ्या टोकांची ती गाणं नेणारी वायर. दोन वाटा मिळून एक कडं तयार होतं आणि परतीच्या विजेचा थोडा वाटा या नाजूक जाळीतून वाहायला लागतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. पुढे नुसतं ‘लूप’ म्हणू.

कंपनीचा स्टिरिओ असताना हा आवाज नव्हता, मग आताच का, असं मेव्हण्याने विचारलं होतं. कंपनीच्या साध्या स्टिरिओत अँप त्याच डब्यात असतो. एकच डबा, एकच अर्थ, आणि बाहेर पडतात त्या थेट स्पीकरच्या वायरी. दुसरी होडीच नाही.

आधी कान, मग पाना

हत्यार हातात घेण्याआधी दहा मिनिटं गाडीत शांत बसा. गाडी उघड्यावर हवी, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे करू नका.

पहिल्यांदा इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवा आणि स्टिरिओ लावा. आवाज नाही? आता इंजिन चालू करा, न्यूट्रलवर थोडी रेस द्या. रेसबरोबर सूर चढला तर गुन्हेगार अल्टरनेटरच्या बाजूचा. इंजिन बंद असतानाही सतत एकसुरी घूं येत असेल तर अल्टरनेटरला सोडा, दुसरीकडे शोधा.

मग आवाज शून्यावर आणा. ही चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण ती फुकट आहे आणि निम्मी गाडी एका झटक्यात निर्दोष सोडते. शून्यावरही शिट्टी तेवढीच राहिली तर ती आवाजाच्या बटणाच्या पुढे कुठेतरी शिरतेय, म्हणजे आरसीए, अँप किंवा स्पीकरच्या वायरी. आवाज कमी केल्यावर शिट्टीही कमी झाली तर ती बटणाच्या अलीकडची: फोन, ऑक्सची वायर (फोनमधलं गाणं स्टिरिओत नेणारी), रेडिओ.

त्यानंतर रेडिओ, ब्लूटूथ, ऑक्स असं एकेक लावून पाहा. फक्त ऑक्सवर शिट्टी येत असेल तर खाली अर्थ शोधत बसू नका, पुढचा भाग वाचा.

चार्जर काढला आणि आवाज गेला

फोन चार्जिंगला लावलाय आणि त्याच फोनची ऑक्स वायर स्टिरिओत. हे लूपचं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त आढळणारं रूप. फोन एकदा चार्जरमार्गे सिगारेट लायटरच्या अर्थला जोडला गेला, दुसऱ्यांदा ऑक्समार्गे स्टिरिओच्या अर्थला. कडं पूर्ण. चार्जर उपटा; आवाज तत्क्षणी गेला तर निदान झालं.

उपाय तीन. स्टिरिओच्या आतच ब्लूटूथ असेल तर वायरचा नाद सोडा. फोन पॉवर बँकेवर चार्ज करा, कारण पॉवर बँकेला गाडीच्या अर्थशी काही नातं नाही. किंवा ऑक्सच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो काही शे रुपयांत मिळतो. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. गाणं चुंबकत्वाच्या वाटेने पलीकडे जातं, पण तांब्याची तार सलग नसल्याने कडं तुटतं.

ऑक्सला लावायचा वेगळा ब्लूटूथ रिसीव्हर घेतला तर? तो स्वतः गाडीच्या चार्जरवर चालत असेल तर लूप जसाच्या तसा. फोनच्या जागी रिसीव्हर आला एवढंच. लोक इथे हमखास फसतात.

आयसोलेटरने आवाज बिघडतो का? स्वस्तातला असेल तर थोडा बिघडतो, खालचा खर्ज पातळ होतो. फोनच्या ऑक्सला चालून जातं. पण वूफरकडे जाणाऱ्या आरसीएवर तो लावणं म्हणजे चपलेतला खडा न काढता जाड मोजे घालणं.

मग तो सहाशेचा फिल्टर कशाला असतो?

फिल्टर स्टिरिओच्या पॉझिटिव्ह वायरीवर बसतो. आत तारेचं वेटोळं आणि कपॅसिटर. तो पन्हळीवर रंधा मारून ती सपाट करतो. पॉझिटिव्हमधून घाण येत असेल, तर तो कामाचा. मेव्हण्याच्या गाडीत ती येत होती निगेटिव्हच्या बाजूने. दुकानदाराने पुढच्या दाराला कडी घातली, चोर परसदारातून येत राहिला.

भारीतल्या आरसीएचंही तेच. जाड आवरणाची केबल शेजारच्या वायरीतून येणारा उपद्रव थोडा अडवते, पण अर्थच हलत असेल तर ती काय करणार? त्यापेक्षा वाट बदलण्याला पैसे पडत नाहीत: अँपची जाड पॉवर वायर गाडीच्या एका बाजूने न्या, आरसीए दुसऱ्या बाजूने. कुठे ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

अर्थ नीट म्हणजे नेमका कसा

मेव्हण्याच्या डिक्कीतलं मॅट उचललं तेव्हा अँपची अर्थ वायर सापडली. गाडीच्याच एका बोल्टखाली लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) अडकवलेला, आणि बोल्टखाली गाडीचा मूळ रंग चकचकीत शाबूत. रंग हा विजेसाठी प्लास्टिकच. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा लोखंडाला स्पर्श मिळत होता तेवढ्यावर अँप चालला होता. वायरही जवळजवळ दीड मीटर, उरलेली तशीच गुंडाळून ठेवलेली.

बॅटरीचा निगेटिव्ह काढला. पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा चमकेपर्यंत घासली. लग वायरीवर नीट दाबून बसवला, दातेरी वॉशर घालून बोल्ट कचकचीत आवळला, आणि उघड्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून वरून ग्रीसचं बोट फिरवलं. वायर ४५ सेंटिमीटरच्या आत कापली. अर्थची वायर पॉझिटिव्हएवढीच जाड हवी. जेवढी वीज जाते तेवढीच परत येते. एक पथ्य मात्र पाळा. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ घेऊ नका, तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी ठरलेल्या ताकदीने आवळलेला असतो.

जोड बरा आहे का हे ओहम मोजून कळत नाही, कारण मल्टिमीटरच्या प्रोबच्या वायरीच ०.२-०.३ ओहम दाखवतात. त्यापेक्षा मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक अँपच्या निगेटिव्हला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, इंजिन चालू आणि गाणं मोठ्याने. आकडा ०.१ व्होल्टच्या वर जात असेल तर परतीची वाट खराब आहे.

एवढं करूनही शिट्टी थोडी उरली तर अँपचा गेन पाहा. गेन म्हणजे आवाजाचं दुसरं बटण नव्हे. समोरून किती जोराचं गाणं येणार याच्याशी अँपचा कान जुळवायचा तो स्क्रू. अनेक दुकानांत तो शेवटापर्यंत पिळलेला असतो, कारण गिऱ्हाईक खूश होतं. गाण्याबरोबर शिट्टीही मोठी होते. गेन खाली, स्टिरिओचा आवाज वर, ही जोडी ठेवा.

अर्थची वायरच काढून टाकली तर?

दोन वाटांमुळे लूप होतो, तर एक वाट तोडून टाकू, असं डोक्यात येतंच. अँपचा अर्थ काढलेलाही मी पाहिला आहे, आणि शिट्टी खरंच गेली होती. पण अँपला लागणारे २०-३० अँपिअर कुठून तरी परतणारच. बॉडीची वाट बंद झाली की ते केसांएवढ्या तारांच्या आरसीए जाळीतून स्टिरिओत घुसतात. केबल वितळते, स्टिरिओ जळतो, नशीब वाईट असेल तर आग लागते. हे करू नका. आणि अँपच्या पॉझिटिव्ह वायरीला बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज आहे ना, इंजिनमागच्या पत्र्यातून वायर जाते तिथे रबराचं बुच आहे ना, तेही याच वेळी बघून घ्या.

यालाच जोडून एक छुपा रोग. काही स्टिरिओंमध्ये आरसीएच्या जाळीच्या वाटेवर तांदळाच्या कणीएवढा फ्यूज असतो. स्टिरिओ चालू असताना आरसीए काढ-घाल केली, पॉवर वायर चुकून जाळीला शिवली, की तो उडतो. स्टिरिओ वाजत राहतो, शिट्टी मात्र कायमची मुक्कामाला येते, आणि डिक्कीतला अर्थ कितीही घासला तरी जात नाही. तपासायला सोपं: मागे आरसीएच्या बाहेरच्या कड्याला एक वायर टेकवा, तिचं दुसरं टोक स्टिरिओच्या धातूच्या बॉडीला. शिट्टी झपकन उतरली तर हाच आजार.

शिट्टी नाही, टकटक आहे

रेसबरोबर वाढणारी टिकटिक पेट्रोल गाडीत इग्निशनची असते. डिझेलला स्पार्क प्लगच नसतात. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ केंद्र. म्हणून प्लगच्या आत साधारण ५ हजार ओहमचा रोध घालतात आणि बऱ्याच कंपन्यांच्या प्लगच्या नंबरात त्यासाठी ‘आर’ हे अक्षर असतं. स्वस्तात बिन‘आर’चा प्लग बसवला गेला की रेडिओ तडतडतो.

फक्त एफएमवर खरखर येते आणि डॅशकॅमचा किंवा चार्जरचा प्लग काढला की स्टेशन स्वच्छ होतं? दोष त्या वस्तूतल्या व्होल्ट बदलणाऱ्या सर्किटचा. चांगला चार्जर घ्या, वायरीवर फेराइटचं चापकडं (वायरीभोवती बसणारं, खरखर अडवणारं कडं) लावा. मीडियम वेव्ह तर याहून नाजूक. ७९२ किलोहर्ट्झवरचं पुणे आकाशवाणी गाडीत ऐकणाऱ्या जुन्या मंडळींना हे सांगायला नको. इलेक्ट्रिक गाड्यांत हा त्रास इतका की काही कंपन्यांनी त्यातून मीडियम वेव्ह काढूनच टाकलं. फोर्डने २०२३ मध्ये अमेरिकेत नव्या गाड्यांतून ते काढायचं ठरवलं आणि आरडाओरडा झाल्यावर त्याच वर्षी निर्णय फिरवला.

फोन यायच्या आधी होणारी ‘टिट-टिटिट-टिर्रर्र’ आठवते? तो २जी फोनचा, सेकंदाला २१७ वेळा होणारा प्रसारणाचा छोटासा झटका. फोन स्टिरिओपासून हातभर लांब ठेवा, संपलं.

सगळं नीट असूनही शिट्टी असेल तर

मग पन्हळीच प्रमाणाबाहेर मोठी असू शकते. बॅटरी नुसती वीज साठवत नाही, ती लाटा पोटात घेते. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर ते काम होत नाही. गरम पाण्याने धुवा, घासा, आवळा. अल्टरनेटरचा एखादा डायोड गेला असेल तर पन्हळीची जागा खड्डे घेतात. शिट्टी जाडसर होते, दिवेही किंचित लुकलुकतात. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर एसी व्होल्ट मोजले तर चांगल्या गाडीत ०.१ च्या आत येतात, अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर अल्टरनेटर उघडायला लागतो. फक्त अडीचशे-तीनशेच्या पिवळ्या मीटरवर हे मोजू नका. तो मीटर डीसीलाच एसी समजतो आणि वीस-तीस व्होल्ट दाखवून घाबरवतो.

मेव्हण्याच्या गाडीत इथवर जायची वेळ आली नाही. अर्थ घासल्यावर त्याने चावी फिरवली, रेस दिली, आणि पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही म्हणून स्टिरिओ बंद पडला की काय ते बघायला वाकला.

दुकानात काम करून घेणार असाल तर पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून पाहा: इंजिन चालू, हेडलाइट, एसी आणि मागच्या काचेचा डीफॉगर चालू, चार्जरला फोन लावलेला, स्टिरिओचा आवाज शून्य. मग रेस द्यायला सांगा आणि स्वतः एकेका स्पीकरला कान लावा.